मदत हवी आहे: 'बोर्ड' या एका शब्दात इतकं सगळं कसं मावतं?

खडूची पूड

नमस्कार मंडळी,

प्रश्न आप्पांचा आहे, अडकले आहे मी. आप्पा म्हणजे माझे वडील, वय 78. सगळा जन्म वीज बोर्डात गेला. 2005 मध्ये त्या बोर्डाच्या कंपन्या झाल्या, त्याच्या वर्षभर आधी ते निवृत्त झाले. आजही आमच्या गल्लीत तार तुटली की लोक "बोर्डाची माणसं आली का?" असंच विचारतात, आणि आप्पांना ते ऐकून बरं वाटतं.

पुढच्या महिन्यात आई-आप्पा युरोपच्या सहलीला निघालेत. सहलवाल्यांनी पाठवलेल्या कागदावर प्रत्येक हॉटेलपुढे 'हाफ बोर्ड' लिहिलंय. आप्पांनी चष्मा वर करून विचारलं, "अर्धा बोर्ड म्हणजे काय गं? रात्री दहानंतर लाइट घालवतात की काय?"

मी सांगितलं, सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण त्यांचं, दुपारचं आपलं आपण बघायचं. तिथेच थांबायला हवं होतं. पण ते म्हणाले, "जेवणाचा आणि बोर्डाचा काय संबंध?" मी सातवीला इंग्रजी शिकवते आणि मला उत्तर देता आलं नाही.

मग ते डायरी घेऊन बसले. आतापर्यंतची यादी अशी: वीज बोर्ड, दहावीचं बोर्ड, आजोबा शिकले ती लोकल बोर्डाची शाळा, कॅम्पातलं कँटोन्मेंट बोर्ड, क्रिकेटचं बोर्ड, एसटीचा बोर्ड, स्विचबोर्ड, कॅरमबोर्ड, काका राहायचे ते कोल्हापूरचं बोर्डिंग, एसटी स्टँडसमोरचं 'लॉजिंग-बोर्डिंग', रेल्वेच्या तिकिटावरचं 'बोर्डिंग' आणि विमानाचा बोर्डिंग पास.

त्यांचं म्हणणं असं की हे चार-पाच वेगळे शब्द असणार, स्पेलिंग योगायोगाने जुळलं असेल. मला तसं वाटत नाही. शब्दकोशात अर्थांची रांग मिळते, पण एका अर्थावरून दुसऱ्यावर माणसं पोचली कशी ते कळत नाही. आप्पांच्या गळी उतरेल असं कुणी सांगेल का? रविवारपर्यंत मुदत मिळाली आहे.

---

रिकामटेकडा

आप्पांना युरोपला पाठवू नका, इकडे पाठवा.

---

कोशवाळवी

आप्पांना आधी एकच वाक्य सांगा: बोर्ड म्हणजे फळी. जुन्या इंग्रजीतला 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. फळा, कॅरमबोर्ड, एसटीचा बोर्ड, भिंतीवरचा स्विचबोर्ड हे सगळे इथेच सुटले, कारण ते मुळात फळीच आहेत. पुढे लाकूड गेलं, पत्रा आणि प्लॅस्टिक आलं, नाव राहिलं.

आता जेवण. जुन्या काळी इंग्लंडातल्या घरात जेवायचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. दोन लाकडी घोड्यांवर (तिवईसारख्या टेकूंवर) लांब फळी टाकायची, जेवायचं आणि फळी उचलून भिंतीला लावून ठेवायची. म्हणून फळी म्हणजेच टेबल, आणि टेबल म्हणजे त्यावरचं जेवण. पैसे देऊन दुसऱ्याच्या टेबलावर रोज जेवणारा तो बोर्डर. 'लॉजिंग-बोर्डिंग' या पाटीत लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं की दोन्हींचा अर्थ राहणंच आणि मालकाने उगाच दोनदा लिहिलंय.

कोल्हापूरची बोर्डिंगंही तीच. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला छप्पर मिळणं जितकं अवघड, तितकंच दोन वेळचं जेवण. मराठीत मात्र 'बोर्डिंग' म्हणजे नुसतं वसतिगृह होऊन बसलं, त्यातली भाकरी विसरली गेली.

त्याच टेबलाभोवती जेवायच्या ऐवजी कारभार करायला माणसं बसली की तेही 'बोर्ड'. 1784 साली लंडनच्या सरकारने ईस्ट इंडिया कंपनीवर अंकुश ठेवायला जे मंडळ नेमलं त्याचं नाव बोर्ड ऑफ कंट्रोल. आपल्याकडची लोकल बोर्डं, दहावीचं बोर्ड, आप्पांचं वीज बोर्ड ही सगळी त्याच गोतावळ्यातली. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा लोकल बोर्डं गेली, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी 'बोर्डाची शाळा' टिकली.

---

खडूची पूड

कोशवाळवी, खूप आभार. वाचून दाखवलं. आप्पांचं उत्तर जसंच्या तसं: "फळीवरून जेवण इथवर ठीक. पण फळीवरून दहावीची परीक्षा? हे इंग्रज काहीही करतात. आपल्यात असं होत नाही."

---

सातबारा

आपल्यात होत नाही कसं? आप्पांना विचारा, लग्नात किती पानं उठली? आपण झाडाची पानं मोजत नसतो, जेवणारी माणसं मोजत असतो. "पाटपाणी झालं का?" म्हणजे पाट आणि पाणी नव्हे, जेवायची तयारी. बोर्डाचं जेवण आणि पाटाचं जेवण यात फरक काय राहिला? दोन्हीकडे फळीच, त्यांची उंचावर आणि आपली बुडाखाली.

मंडळाच्या अर्थालाही जोड आहे. पीठ म्हणजे बसायचं आसन. त्यावरून विद्यापीठ झालं, व्यासपीठ झालं, खंडपीठ झालं. "औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला" म्हणताना बाकड्याने निकाल दिला असं कुणाला वाटत नाही. फळी हा शब्दही घ्या. लढाईत शत्रूची फळी फोडायची, क्रिकेटमध्ये आघाडीची फळी कोसळते, पक्षात दुसऱ्या फळीचे नेते असतात. लाकूड कुठेच नाही. आणि शाळेचा पट. सोंगट्यांचाही पट, मुलांच्या नावांचाही पट. तुम्ही तर मास्तरीणबाई, पटसंख्येचे तक्ते भरता.

मला वाटतं आप्पांचा घोळ सरकारी मराठीने केलाय. तिथे एकाचे तीन केले: लटकतो तो फलक, बसतं ते मंडळ, राहतात ते वसतिगृह. शब्द नेमके झाले हे मान्य, पण त्यामुळे ही भावंडं आहेत हे कळायची सोय गेली.

---

मीठपाणी

विमानाचं राहिलं. मी मर्चंट नेव्हीत आहे. आमच्यात सुट्टी संपली की "बोर्डवर गेला" असंच म्हणतात.

बोर्डचा आणखी एक जुना अर्थ जहाजाची कड, बाजू. ती कड ओलांडून आत गेलात की बोर्डिंग, कडेवरून पाण्यात पडलात की ओव्हरबोर्ड. जहाजाचा शब्द पुढे रेल्वेने घेतला, मग विमानाने. म्हणून आप्पा मिरजेला गाडीत चढले तरी तिकिटावर जहाजाचीच भाषा असते.

जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. ताऱ्यांशी संबंध नाही. पूर्वी सुकाणू मागे मधोमध नसायचं, उजव्या कडेला मोठं वल्हं लावून दिशा द्यायचे. स्टीअर करायची बाजू ती स्टीअरबोर्ड, बोलता बोलता स्टारबोर्ड. डावीला आधी लारबोर्ड म्हणत. वादळात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू यायचे, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून 'पोर्ट' ठरवलं. रात्री उजवीकडे हिरवा दिवा, डावीकडे लाल. वीजवाल्या माणसाला हे नक्की आवडेल.

---

कोशवाळवी

मीठपाणींच्या मुद्द्यावर थोडी दुरुस्ती माझ्याच लिहिण्याला. आप्पा अगदीच चुकले नव्हते. कड या अर्थाचा बोर्ड आणि फळी या अर्थाचा बोर्ड हे मुळात बहुधा दोन वेगळे शब्द होते, फार पूर्वीच एकमेकांत मिसळले. म्हणजे आप्पांचे चार-पाच नाहीत, पण दोन आहेत. कडेवाला शब्द फ्रेंचमधून फिरून परत इंग्रजीत आला तो 'बॉर्डर'. तेव्हा आईंच्या साडीची बॉर्डर आणि विमानाचा बोर्डिंग पास लांबचे नातेवाईक निघाले.

---

खडूची पूड

दोन शब्द निघाले म्हटल्यावर आप्पा एकदम खुलले! "मी म्हटलं नव्हतं?" असं आईला तीनदा ऐकवून झालं. हिरव्या-लाल दिव्याची नोंद डायरीत गेली. पानं आणि पाटपाणी आईला पटलं, आप्पांनी फक्त मान हलवली.

ते 'अबव्ह बोर्ड'बद्दलही विचारत होते, तेवढं मलाच सापडलं: पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसत ठेवायचे, म्हणजे लबाडी नाही. आपण 'टेबलाखालून' म्हणतो त्याच्या बरोब्बर उलट. त्यावर आप्पा म्हणाले, "आमचं खातं सोडून बोल." आता हे विनोदाने की कसं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

दोन शंका उरल्या. गाडीच्या डॅशबोर्डात 'डॅश' कुठून आला? आणि आप्पा छातीठोकपणे सांगतायत की आपलं कपाट हे कपबोर्डावरून आलं. खरं का?

---

सातबारा

डॅशबोर्ड घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे उभी फळी किंवा कातडं लावायचे. घोडा गेला, चिखल गेला, फळी राहिली. आता ती तुमच्या शाळेच्या पोर्टलवरही आहे.

कपाटाचं मात्र नाही. कपबोर्ड म्हणजे पूर्वी पेले मांडून ठेवायची फळी, दारं नंतर आली. कपाट संस्कृतातलं आहे आणि त्याचा मूळ अर्थच दार. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बातम्यांत "केदारनाथची कपाटं उघडली" म्हणतात ते ऐकवा त्यांना.

---

खडूची पूड

ऐकवलं. म्हणाले, "मग इंग्रजांनीच आपल्याकडून नेलं असेल." डायरी मिटली आहे. बॅग भरायला घेतो. सर्वांचे आभार.