मदत हवी आहे: अवतरणातल्या नावाला ‘चे’ कुठे लावायचं? (तातडीचं)

धांदलखोर
लवकर सांगा, प्रेसवाला आज रात्रीच फाइल मागतोय. अवतरणात नाव आहे, त्याला ‘चे’ जोडायचंय. चिन्हाच्या आत की बाहेर? आत लावलं तर नावच बदलतं, बाहेर लावलं तर कसंतरी दिसतं. मधे जागा सोडायची का?

अनुस्वार
नाव कशाचं? माणसाचं, पुस्तकाचं, पेपरचं? अवतरण एकेरी की दुहेरी?

धांदलखोर
त्यानं काय फरक पडतो? पुस्तकाचं. एकेरी.

खिळेजुळारी
बाहेर, चिकटून. जागा अजिबात नाही. जागा सोडलीत की ओळ नेमकी तिथेच तुटते आणि ‘चे’ बिचारं पुढच्या ओळीच्या तोंडाशी एकटं बसतं. ‘केसरी’चा अग्रलेख, ‘नटसम्राट’चा प्रयोग. झालं काम.

अनुस्वार
झालं कसं? ही दोन्ही गरीब नावं आहेत, प्रत्यय लावला तरी हलत नाहीत. ‘पिंजरा’ घ्या. ‘पिंजरा’तली गाणी की ‘पिंजऱ्या’तली?

तात्या_सदाशिव
‘पिंजऱ्या’तली. मराठीत प्रत्ययाआधी सामान्यरूप व्हायलाच हवं. घोडा-घोड्याचा, ठाणे-ठाण्याचा. गावांना सूट नाही तर सिनेमाला कशाला?

खिळेजुळारी
तात्या, ‘पिंजऱ्या’तली गाणी म्हटलं की पोपट गातोय असं वाटतं हो. शांतारामबापूंचा १९७२चा सिनेमा आहे तो. आणि बातमी तुम्ही ‘सकाळ’मध्ये वाचता की सकाळी?

तात्या_सदाशिव
सकाळीच वाचतो. थट्टा पुरे. आम्ही ‘रामाने’ लिहायचो, आता पोरं ‘रामने’ लिहितात. हे सगळं तिथूनच सुरू झालं.

सिएटलकर
इकडे पुस्तकांची नावं तिरप्या टायपात छापतात, चिन्हांची भानगडच नाही. तुम्हीही तसंच करा ना.

खिळेजुळारी
देवनागरी तिरपी केली की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर कलंडतात. नको.

अनुस्वार
धांदलखोर, नेमकं नाव सांगा हो.

धांदलखोर
‘बटाट्याची चाळ’. वाचनालयाच्या स्मरणिकेतला लेख आहे. लेखकानं एकदा ‘बटाट्याच्या चाळी’चे लिहिलंय, एकदा ‘बटाट्याची चाळ’चे. फोन उचलत नाहीये.

अनुस्वार
मूळ प्रश्नात हे नको होतं का? दोन्ही वाक्यं टाका.

धांदलखोर
एक: “कोचरेकर मास्तर हे ‘बटाट्याच्या चाळी’चे बिऱ्हाडकरू.” दोन: “‘बटाट्याची चाळ’चे प्रकाशन १९५८ साली झाले.”

अनुस्वार
दुसरं तसंच ठेवा. पहिल्यातली चिन्हं उडवा. कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे, एच. मंगेशराव ही मंडळी राहतात ती चाळीत, पुस्तकात नाही. तिथे ती जिने आणि गॅलऱ्या असलेली इमारत आहे, तेव्हा बिनचिन्हांचं ‘बटाट्याच्या चाळीचे बिऱ्हाडकरू’. १९५८ साली आलं ते पुस्तक, त्याच्या नावाला हात लावायचा नाही. श्यामच्या आईने श्यामला वळण लावलं आणि ‘श्यामची आई’ने वाचकांना रडवलं, तसंच हे. कानाला फारच खटकलं तर ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकाचे असं करा, पण प्रत्येक वाक्यात नको, सरकारी पत्रक वाटायला लागतं.

तात्या_सदाशिव
आणि ‘गीतारहस्या’त टिळक म्हणतात, असं आपण सगळे लिहितो त्याचं काय? ‘गीतारहस्य’त लिहून दाखवा.

अनुस्वार
हा मुद्दा खरा आहे. ‘त’ हा प्रत्यय असल्या नावाला सामान्यरूपाशिवाय बसतच नाही, बोलताही येत नाही. म्हणून ‘नटसम्राट’मध्ये, ‘बटाट्याची चाळ’मध्ये. ‘चा-ची-चे’ला ती अडचण नाही. ‘गीतारहस्या’त रुळलंय, ते राहू द्या.

तात्या_सदाशिव
म्हणजे तुमचा नियम टिळकांपाशी अडला.

फाँटवेडा
जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलं असेल तर चिन्हं उलटी झालीत का बघा. उघडणारं चिन्ह शेवटी येतं. कुठला फाँट वापरताय? मी एक चांगला सुचवू शकतो.

धांदलखोर
फाँट नको. पहिल्यातली चिन्हं काढली, दुसरं तसंच. आता लेखाचा मथळा: ‘बटाट्याच्या चाळी’तील माणसे. हे?

अनुस्वार
माणसं चाळीतलीच ना? मग चिन्हं काढा.

धांदलखोर
मुखपृष्ठावर हाच मथळा आहे आणि ते कालच छापून आलंय.

तात्या_सदाशिव
उत्तम. अंकाची एक प्रत मला राखून ठेवा.