भुताच्या मालिका बघून पोरं हुशार होतात म्हणे!

दहावीची_आई:
पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलंय की नववीतला मुलगा वाचत नाही, म्हणून ते त्याला रोज रात्री भुताची मालिका दाखवतात. मध्येच थांबवून 'पुढे काय होईल?' विचारतात. त्यामुळे म्हणे आकलन, स्मरणशक्ती, तर्क सगळं सुधारलं. खाली बदामांचा पाऊस. तिथे गप्प बसले, इथे बसणार नाही.
माझ्या लेकीने आठवीत असताना मैत्रिणीकडे असला एकच भाग पाहिला. पुढचे पंधरा दिवस आमच्या दोघांच्या मध्ये झोपली, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू. चाचणीच्या दिवशी बाकावर पेंगत होती. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. ती झोपच उडवायची आणि वर त्याला अभ्यास म्हणायचं?

खिडकीजवळचा:
ते गृहस्थ मीच. नमस्कार.
मुलगा चार ओळींचा उतारा दिला की पाणी प्यायला उठायचा. 'रात्रीस खेळ चाले' मात्र डोळे फाडून बघायचा. २०१६चं पहिलं पर्व घरातले कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूने सुरू होतं आणि २०१९चं दुसरं मागे जाऊन अण्णा जिवंत असतानाची गोष्ट सांगतं. कोणाला कधी काय माहीत होतं यात तो गोंधळला. मी जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू दिली. त्याने स्वतः नाईकांची वंशावळ काढली, खाली घटनांचा क्रम मांडला. पुढच्याच आठवड्यात इतिहासाचा धडा तसाच मांडला, मी न सांगता.
नियम दोनच. अंदाज सांगितला की 'कशावरून?' याचं उत्तर द्यायचं. आणि घाबरला तर तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघायचा. दार करकरत नाही, संगीत नाही, की उरतो फक्त जिन्यावरून चाललेला एक माणूस. स्वतःच हसतो.

खडूस_काका:
वंशावळच काढायची तर वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा दाखवा. चौदा वारस, तीन मयत, एक बेपत्ता. भीतीही फुकट.

तळकोकणी:
मूळ विषय चालू द्या, पण या मालिकेचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. आमच्या सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रीकरण केलं, गावाला काय मिळालं? लोक गाड्या घेऊन 'अण्णांचा वाडा' बघायला यायचे, तेवढंच. मुंबईत ऑफिसात मला आजही विचारतात, 'तुमच्याकडे भुतं असतात ना?' आमचा देवचार राखणदार आहे हो, भूत नव्हे! आरवलीच्या ग्रामदैवत वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला आणि केळीचे घड वाहतात. घाबरून नाही, आपला म्हणून. आणि ती मालवणी? अर्धी दादरची.

वेंगुर्लेकर_ठाण्यात:
मेल्या, किती रडशीत? मालवणी नाटकवाल्या मच्छिंद्र कांबळींच्या नंतर आपली भाषा घराघरात पोचली ती याच मालिकेमुळे. माझी ठाण्यात वाढलेली पोरगी आजीशी फोनवर मालवणीत बोलायला लागली. तुझ्या निषेधाने एक तरी पोर मालवणी शिकलं का?

तळकोकणी:
शिकली काय, तर 'अण्णांनू'! निषेध आम्ही २०१६मध्येच केला होता. तुम्ही ठाण्यात बसून टीव्हीसमोर माना डोलवत होतात.

वेंगुर्लेकर_ठाण्यात:
गणपतीक येतंय गावाक. भेट, मगे सांगतंय.

दहावीची_आई:
अहो, विषय मुलांचा आहे! गणपतीत काय ते भांडा.

विवेकी_माणूस:
विषयावर येतो. दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३मध्ये, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. आणि घरोघरी संध्याकाळी मालिकांत मांत्रिक उतारे करतोय. डॉक्टर हरतो, मांत्रिक जिंकतो. तर्क कसला वाढणार?

खिडकीजवळचा:
मांत्रिक आला की आमच्याकडे हमखास थांबवतो. मुलाने मागे विचारलं, 'याने पैसे किती घेतले ते का दाखवत नाहीत?' हा प्रश्न मी शिकवला नव्हता.

विवेकी_माणूस:
प्रश्न चांगला आहे. पण सगळ्या घरात शेजारी बसणारा बाप नसतो.

खडूस_काका:
असतो. मोबाइल बघत असतो.

फळा_आणि_खडू:
बावीस वर्षं मराठी शिकवते. निबंधाला दोन ओळींवर अडणारी मुलं 'रात्री दार वाजलं...' एवढं दिलं की दीड पान लिहितात, त्यामुळे भीतीत ताकद आहे हे मान्य. पण त्यासाठी टीव्ही कशाला? रत्नाकर मतकरींची गूढकथा वर्गात मोठ्याने वाचते आणि शेवटचं पान राखून ठेवते. पडद्यावर भूत आयतं मिळतं, वाचताना ते ज्याचं त्याला घडवावं लागतं. शिवाय वर्गात एखादं पोर मुळातच हळवं असतं. नुकतंच घरात कोणी गेलेलं असतं. त्याला हा प्रयोग नको, हे पोस्टीत कुठेच नव्हतं.

खिडकीजवळचा:
नव्हतं, हे खरं. भर घालतो. पण बाई, माझा मुलगा पुस्तक हातातच धरत नव्हता. आता मतकरी आणून बघतो.

दहावीची_आई:
बरं. आवाज बंद करून बघायची युक्ती लेकीवर करून बघीन, रविवारी, भर दुपारी, पडदे उघडे ठेवून. याला सहमती समजू नये. रात्री दहानंतर भुतं दाखवणाऱ्यांना मी अजूनही बेजबाबदारच म्हणते.

तळकोकणी:
देवचाराबद्दल कोणी काहीच बोललं नाही, याची नोंद घेतली आहे.

खिडकीजवळचा:
काका, काल मुलाला खरंच ऑनलाइन सातबारा काढून दिला. त्याने तासाभरात वंशावळ मांडली. दोन नावं आमच्या घराण्यातली नाहीतच. 'कशावरून?' विचारलं, तर फेरफार क्रमांक दाखवला. आता झोप माझी उडाली आहे.