पोक्सो केसमधल्या घरच्यांना कोर्टात न्यायचा खर्च ग्रामपंचायतीतून करता येतो का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी, मी गावात बचतगटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) आहे आणि ग्रामपंचायत सदस्य पण. आमच्या भागातल्या एका शाळकरी मुलीची केस झाली, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागला, आरोपी आत आहे, त्यापुढचं काही लिहीत नाही. घरात आई एकटी कमावणारी, कापूस वेचणी नाहीतर केळीच्या बागेत रोजाने. तारखेला जायचं म्हणजे तिचा रोज बुडतो, एसटीला बायांना हाफ तिकीट झालं तरी दोघींचं जाणं येणं आणि खाणं धरून खिसा रिकामाच होतो. मागच्या तीन तारखांना मी सोबत गेले. शेवटच्या वेळी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि आरोपीचे काका-मामा समोरच्या चहाच्या टपरीवर, चहा संपला तरी उठेनात, नुसते बघत बसले. पोरगी माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसलेली. चार तासांनी पुकारा झाला, पुढची तारीख.

येताना एसटीत तिची आई म्हणते, ताई, पैसानं जाऊ द्या, तुम्ही संगे येतस का तेवढं सांगा.

तर मासिक सभेत मी विषय काढला की महिला बालकल्याणाचा जो १० टक्के खर्च ग्रामपंचायतीला करावाच लागतो त्यातून असा प्रवास आणि सोबत जाणाऱ्या बाईचा भत्ता द्यावा. आमचं स्वतःचं उत्पन्न घरपट्टी पाणीपट्टी नीट वसूल झाली तर पाचेक लाख, म्हणजे १० टक्क्याचे ५० हजार. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) म्हणे ताई असं खर्चाचं हेडच नाही, ऑडिटला आक्षेप निघेल, त्यापेक्षा शिलाई मशीन घ्या. सरपंच माणूस चांगला, तो म्हणे देऊ ना, पण ठरावात लाभार्थीचं नाव लागेल आणि यादी ग्रामसभेत वाचावी लागेल. मी तिथेच गप्प झाले. कोणाला यातलं माहिती असेल तर सांगा.

एडिट: तालुक्याचं नाव काढलं, खाली दादांनी सांगितलं म्हणून.

धुळेकर पीएलव्ही
ताई सगळ्यात आधी पोस्टमधून तालुका काढा. नाव लिहिलं नाही म्हणजे झालं असं नसतं, गाव, शाळा, शेजार, ज्याच्यावरून पोरगी ओळखू येईल ते काहीच छापायचं नाही, पोक्सोच्या कलम २३ मध्ये स्पष्ट आहे.

आता पैशाचं. मी विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, रोज हेच बघतो. लोकांना मनोधैर्य योजना (अत्याचार झालेल्या बाया-मुलांना राज्य सरकारची पैशाची मदत) ऐकून माहिती असते, २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, आधी दोन-तीन लाख मिळायचे, २०१७ च्या डिसेंबरच्या जीआरने १० लाखापर्यंत गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. चांगली योजना आहे, पण मंजूर झालेल्यातला ७५ टक्के भाग फिक्समध्ये जातो आणि तो जायलाच पाहिजे, नाहीतर घरातलाच कोणी मोटरसायकल घेऊन मोकळा होतो (पाहिलंय म्हणून बोलतोय). पण येत्या तारखेला एसटीत बसायला त्या फिक्सचा काय उपयोग?

त्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती फार कोणी वापरत नाही. पोक्सोचे २०२० चे नियम आहेत त्यातला नियम ८, स्पेशल रिलीफ. जेवण, कपडे, प्रवास असल्या तातडीच्या गरजेला जिल्ह्याची बालकल्याण समिती (जिल्हा परिषदेची महिला बालकल्याण समिती वेगळी) शिफारस करते आणि शिफारस मिळाल्यापासून एका आठवड्यात पैसे द्यायचे असतात, विधी सेवा प्राधिकरणाने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने. कोर्टाच्या निकालाशी याचा संबंध नाही. साधा अर्ज करा, तारखा लिहा, बुडालेला रोज पण लिहा. त्याच अर्जात सपोर्ट पर्सन (केसभर मुलीच्या सोबतीला माणूस) मागा, तो पण समितीनेच नेमायचा असतो, घरच्यांच्या संमतीने. फाईल समितीकडे राहते, ग्रामसभेत वाचली जात नाही.

रावेरचा केळीवाला
सगळं ठीक आहे भो पण गावात गटार नाही, रस्ता नाही, त्यात ग्रामपंचायतीने कोर्टकचेऱ्या पण सांभाळायच्या का? हे काम सरकारचं. उद्या आरोपीचे घरचे म्हणतील आम्ही पण गावचेच, आम्हाला पण भाडं द्या.

कळण्याची भाकर
@रावेरचा केळीवाला, वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच जातो, तुमची गटार त्यात करा ना भाऊ, ५० हजारात गटार होत नाही पण एका पोरीच्या वर्षभराच्या तारखा होतात. आणि आरोपीला गरीब असला तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याच्यावर कोणी हेड विचारत नाही.

सखी वन स्टॉप सेंटर पण बघा ताई. निर्भया फंडातून २०१५ पासून सुरू झालेत, पैसा केंद्राचा. समुपदेशन, पोलीस, दवाखाना, वकील एका ठिकाणी आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. अडचण एवढीच की ते जिल्ह्याच्या ठिकाणी, आपण तापीच्या या काठाला नाहीतर त्या. १८१ ला फोन लावून विचारून घ्या, जाऊन परत फिरू नका.

निवृत्त लेखा
मी जिल्हा परिषदेत लेखा विभागात नोकरी काढली, कोणत्या ते विचारू नका. हेड नाही हे अर्धसत्य आहे. जिल्हा परिषदेला पण स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला बालकल्याण समितीसाठी ठेवावा लागतो आणि त्यातूनच तालुक्याला समुपदेशन केंद्र चालवायची योजना आहे, संस्थेला चालवायला देतात, समुपदेशक बाईला मानधन मिळतं. म्हणजे पीडितेसाठी माणूस नेमणं या पैशात बसतं हे सरकारनेच मान्य केलेलं आहे.

मग होतं काय ते सांगतो. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सायकल यांची यादी होते, यादीवर सह्या होतात, फोटो निघतो, उपयोगिता प्रमाणपत्र जोडलं की मार्चच्या आत फाईल बंद. समुपदेशकाच्या मानधनाला ना फोटो ना यादी, ते बिल खाली सरकत राहतं. मी स्वतः एका केंद्राचं बिल तीनदा मागे आलेलं पाहिलंय, का तर लाभार्थींची नावं आणि सह्या जोडलेल्या नाहीत म्हणून. अहो नवऱ्याने मारलेली बाई तुमच्या रजिस्टरला सही कशाला करेल! शेवटी त्या समुपदेशक ताईंनी नुसते केस नंबर लिहून कागद दिला आणि साहेब बदलल्यावर बिल निघालं. त्या मधल्या आठ महिन्यात बाई पदरच्या पैशाने केंद्र उघडत होत्या, हे कोणत्या अहवालात येत नाही.

म्हणून ताई तुमची गाठ अशी सोडवा. पैसा मुलीला द्यायचाच नाही. सेवेला द्या. ठराव असा करा की अत्याचारग्रस्त महिला व बालकांसोबत दवाखाना, पोलीस ठाणे, न्यायालयात जाणाऱ्या महिलेचा प्रवासखर्च व दैनिक भत्ता. लाभार्थी मग ती सोबत जाणारी बाई, व्हाउचरवर सही तिची, यादीत नाव तिचं. आईचा बुडालेला रोज पीएलव्ही भाऊ म्हणतात त्या स्पेशल रिलीफमधून घ्या, तो ग्रामपंचायतीत आणूच नका. आणि एक, तुम्ही सदस्य आहात, तुमच्या नावाने एक रुपयाचं व्हाउचर काढू नका, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली कोणीतरी अपात्रतेचा अर्ज ठोकेल आणि गावात असे लोक कमी नसतात. बचतगटातली दुसरी कोणी बघा.

सातपुडा मास्तर
उशिरा लिहितोय, इकडे रेंजचा प्रॉब्लेम. मी नंदुरबार जिल्ह्यात वरच्या पट्ट्यात शिक्षक आहे. वर कोणीतरी विचारलं की ग्रामपंचायतीने का द्यायचं, तर सोबत्याचा खर्च ही काही नवी कल्पना नाही हो. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांमध्ये नियम ११ वाचा. पीडित आणि साक्षीदाराला येण्याजाण्याचं भाडं, आणि घरापासून लांब राहिलेल्या दिवसांचा खर्च किमान मजुरीपेक्षा कमी नाही. आणि बाई असेल, अल्पवयीन असेल, साठीच्या पुढचा असेल तर आपल्या पसंतीचा एक माणूस सोबत आणायचा हक्क, त्याचं भाडं पण द्यायचं. म्हणजे तिथे कायदा करणाऱ्याला समजलं की बाई एकटी येणार नाही. ताईंची केस त्यात बसते का बघा, मुलगी एससी किंवा एसटी असेल आणि आरोपी नसेल तर हा खर्च ग्रामपंचायतीकडे मागायची गरजच नाही.

आमच्याकडे अजून एक भानगड म्हणजे भाषा. पोरगी पावरी बोलते, कोर्टात मराठी. एका केसला मी दुभाषा म्हणून गेलो होतो, पोक्सोत कलम ३८ ने दुभाषा घेता येतो. ती एक शब्द बोलली आणि तिथल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या शब्दाला मराठीत सरळ शब्द नाही, मी दोन वाक्यात सांगितलं, समोरचा वकील म्हणाला हे जास्तीचं बोलतायत. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच पोरीला विचारतो, उद्या सांगताना कोणते शब्द येतील, मग कागदावर लिहून ठेवतो. केस तुटतात त्या अशा ठिकाणी पण तुटतात, सगळ्याच तडजोडीने तुटतात असं नाही, तडजोड तर गावातली पंच मंडळी पहिल्या आठवड्यातच घेऊन येतात, बोकडासकट.

रावेरचा केळीवाला
मास्तर, नियम ११ चं माहिती नव्हतं. माझं म्हणणं मागे घेतो. गटार मात्र पाहिजेच 😀

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. अपडेट देते. केस अॅट्रॉसिटीत बसत नाही. समितीकडे अर्ज दिला, तिथल्या मॅडमनी स्पेशल रिलीफचं नाव ऐकून आधी माझ्याकडे बघितलं, मग नियम उघडून वाचला, मग अर्ज घेतला, पोच दिली. पैसे अजून आलेले नाहीत. आठवडा गुरुवारी होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार.

ग्रामपंचायतीत लेखावाल्या आबांनी वर सांगितला तसाच ठराव मांडला. ग्रामसेवक भाऊंनी दोनदा वाचला आणि म्हणाले हे बसतं. वर्षाला १२ हजार ठेवले, बाकीच्या पैशात मशीन आहेतच. सोबत जायला आमच्याच गटातली एक मावशी तयार झाली, विधवा आहे, तोंडाने खमकी, टपरीवाल्यांकडे ती स्वतःच बघत बसेल असं म्हणते. पहिलं व्हाउचर मी लिहून दिलं, "पोक्सो प्रकरणी न्यायालयात सोबत, एक दिवस".

निवृत्त लेखा
पोक्सो हा शब्द काढा ताई. गावात अशी केस एकच असते.

तापीकाठ
काढला आबा. नुसतं "न्यायालयीन कामी सोबत" लिहिलं.