फोर बाय फाइव्हसाठी डेव्हलपर निवडताना ग्रेनचा विचार आधी का?

शिसवी_ट्रायपॉड
परवा इथल्याच एका नव्या सदस्यानं, 'पहिलं_खोकं' यांनी, विचारलं: "फोर बाय फाइव्ह कॅमेरा घेतला, एचपी५ प्लसचं खोकं आणलं. सर्वांत बारीक ग्रेन देणारा डेव्हलपर कोणता?" उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय. (नव्यांसाठी: फोर बाय फाइव्ह म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर, म्हणजे 'शीट'वर, फोटो घेणारा मोठा कॅमेरा; एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म; डेव्हलपर म्हणजे ती धुण्याचं रसायन; ग्रेन म्हणजे प्रिंटमध्ये दिसणारा दाणेदारपणा.)

माझ्या मते ही चिंता ३५ मिमीची आहे, ती शीट फिल्मवर कशाला आणायची? १६ बाय २० इंचांची प्रिंट काढायची तर ३५ मिमीची निगेटिव्ह जवळपास १७ पट मोठी करावी लागते, फोर बाय फाइव्हची फक्त ४ पट. इतक्यात एचपी५चा ग्रेन शोधायला प्रिंटला नाक लावावं लागेल.

खरा प्रश्न आपल्या नळाच्या पाण्याचा आहे. डब्यावरचे फिल्म धुण्याचे वेळ २० अंशांचे असतात; पाणी गरम असेल तर काम लवकर संपतं. पुण्यात मार्चनंतर माझ्या नळाला २६-२७ अंशांचं पाणी येतं. एचसी-११० या डेव्हलपरचं बी डायल्यूशन (पातळ करायचं एक ठरलेलं प्रमाण) घेतलं तर एचपी५ला २० अंशांवर पाचच मिनिटं लागतात. २६ला तीनच्याही आत. ट्रेमध्ये पाच शीट एकीखालून एक काढत फिरवायच्या आणि तीन मिनिटांत सगळं संपवायचं, म्हणजे आभाळात पट्टे येणारच. मी अशी एक पूर्ण सकाळ घालवली आहे. भुलेश्वरच्या डोंगरावरून घेतलेल्या पाच शीट, पाचही वाया.

म्हणून माझं मत डी-७६ या डेव्हलपरला, एकास एक पाणी घालून. २० अंशांवर ११ ते १३ मिनिटं, २६वर साधारण सात. हात शांत ठेवायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय तो घरी बनतो. लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखारच. परदेशी बाटलीची वाट बघत बसावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पिवळी_झाक
ग्रेनबद्दल शंभर टक्के सहमत. डी-७६बद्दल अजिबात नाही.

आपल्याकडचा प्रकाश कसा असतो ते आठवा. काळ्या पाषाणाचं देऊळ, समोर चुना दिलेली दीपमाळ, जानेवारीतली दुपारी बाराची वेळ. सावलीत तपशील हवा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की डी-७६मध्ये दीपमाळेची भिंत होते, नुसती पांढरी. मी गेली काही वर्षं सँडी किंग यांच्या सूत्राचं पायरोकॅट-एचडी हे डेव्हलपर वापरतो, १:१:१०० (दोन द्रावणं एकेक भाग, पाणी शंभर भाग). त्यातलं कॅटेकॉल चांदीच्या बरोबरीनं जिलेटिनवर तपकिरी डाग सोडतं. जिथे चांदी जास्त तिथे डागही जास्त. मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलला की ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलतो) तो डाग मऊ फिल्टरसारखा वागतो, म्हणून चुन्याचा पोत टिकतो. आणि उद्या सायनोटाइप किंवा प्लॅटिनम (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून अतिनील प्रकाशात काढायच्या प्रिंट) करावंसं वाटलं तर हाच डाग अतिनील किरण अडवतो आणि तीच निगेटिव्ह तिथेही चालते. शीट फिल्म करायची आणि कॉन्टॅक्ट प्रिंट करायचीच नाही, हे मला पटत नाही.

शिसवी_ट्रायपॉड
दीपमाळेचं उदाहरण बरोबर आहे, पण दोष डेव्हलपरचा नाही, वेळेचा. शीट फिल्मची सगळी मौज हीच की प्रत्येक शीट वेगळी धुता येते. कडक उन्हाची शीट कमी वेळ, पावसाळी ढगाळ दिवसाची जास्त. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टीम (दृश्य पाहून एक्स्पोजर आणि धुण्याची वेळ ठरवायची पद्धत) मांडली ती याच पायावर.

आणि पायरोकॅटमधलं कॅटेकॉल कातडीतून शरीरात जातं. माझी डार्करूम म्हणजे घरातली न्हाणी. तिथेच मुलं अंघोळ करतात. हातमोजे मी घालीन, पण फरशीवर उडालेल्या थेंबांचं काय?

पिवळी_झाक
मुलांचा मुद्दा मान्य, त्यावर वाद घालणार नाही. मी ट्रे वापरत नाही, झाकणाचा टँक वापरतो, पण तुमच्या घरात तुम्हीच ठरवायचं.

वेळेचं मात्र पुन्हा बघा. २६ अंशांवर तुमची मूळ वेळच सात मिनिटं. कडक उन्हासाठी त्यातून पाव भाग कमी केलात की पाचच्या जवळ आलात. म्हणजे ज्या पट्ट्यांना घाबरून एचसी-११० सोडलंत, त्यांच्याच दारात परत.

शिसवी_ट्रायपॉड
हे खरं आहे. उन्हाच्या शीट मी माठातलं पाणी घालून २२-२३ अंशांवर धुतो, मग नऊ-दहा मिनिटं मिळतात आणि कमी करायला जागा उरते. मूळ लेखात हे लिहायला हवं होतं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत माठ तेवढं गार करत नाही. तिथे ट्रेखाली मोठी परात घेऊन तिच्यात बर्फ टाकावा, डेव्हलपरमध्ये नको.

टोरांटोचा_देशपांडे
इथे उलटं आहे, हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं, गरम मिसळून २० करतो. त्यामुळे तापमानाचा वाद माझा नाही. माझा वाद टिकण्याचा. महिन्याला चार शीट काढणाऱ्यानं लिटरभर डी-७६ कशाला बनवायचा? भरलेल्या बाटलीत तो सहा महिने, अर्ध्या बाटलीत दोनच. रोडिनाल हा द्रव डेव्हलपर १८९१ पासून बाजारात आहे आणि अर्धवट बाटलीतही वर्षानुवर्षं तगतो. लागेल तेवढा काढा, वापरा, ओतून द्या. १:५० ला एचपी५ची २० अंशांवर ११ मिनिटं. ३५ मिमीवर त्याचा ग्रेन बोचतो हे खरं, पण ग्रेनचा प्रश्न तुम्ही सुरुवातीलाच निकालात काढलात!

शिसवी_ट्रायपॉड
तुमच्यासाठी रोडिनाल योग्यच. पण सावल्यांत तो फिल्मचा वेग (कमी प्रकाश टिपण्याची क्षमता) थोडा खातो, आणि काळा पाषाण म्हणजे बहुतेक सावलीच. मी तिथे अर्धा स्टॉप प्रकाशही सोडायला तयार नाही.

पहिलं_खोकं
मूळ प्रश्न माझाच होता. ग्रेन डोक्यातून काढला. मी नाशिकला, महिन्याला फार तर आठ शीट, प्रिंट मल्टिग्रेडवर. लिटर बनवून अडीचशे मिलीच्या चार बाटल्या काठोकाठ भरल्या तर टिकेल ना? पहिल्या दोन शीट एकाच दृश्याच्या घेणार, एक सात मिनिटं, एक साडेपाच. काल थोडा बनवून पाहिला तर मेटॉल विरघळेचना, पांढरा गाळ तसाच.

शिसवी_ट्रायपॉड
टिकेल. तुम्ही सल्फाइट सगळं आधी टाकलंत. दाट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही. ५० अंशांचं ७५० मिली पाणी घ्या. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळू द्या, मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार, आणि गार पाण्यानं लिटर पुरं करा. रात्रभर ठेवून सकाळी वापरा.

पिवळी_झाक
त्या दोन शीटसोबत तिसरी पण घ्या आणि मला पाठवा. मी पायरोकॅटमध्ये धुऊन परत पाठवतो, तिन्हींच्या प्रिंट एकाच कागदावर काढून इथे टाका.