एमकेजीमॅप स्टाइल : पायवाटेच्या दोन रेषा एकावर एक येतायत, मदत हवी आहे

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा घेऊन एमकेजीमॅप या सॉफ्टवेअरने गार्मिन जीपीएससाठी सह्याद्रीचा नकाशा बनवतोय, तर स्टाइलच्या लाइन्स फाइलमध्ये (यात रेषांचे रूल असतात) ट्रेल व्हिजिबिलिटी बॅड असलेल्या, म्हणजे नीट न दिसणाऱ्या पायवाटांना एक्स्टेंडेड टाइप (रेषेच्या प्रकाराचा जादा कोड) दिलाय, म्हणजे टिपिकल तुटक रेषा दिसते. पण त्या टाइपवर राउटिंग (जीपीएसने रस्ता काढून देणं) चालत नाही ना, म्हणून त्या रूलला कंटिन्यू (पुढचे रूलही लागू होऊ दे) लावून खाली नेहमीचा पाथचा रूल ठेवला. राउटिंग आता झकास चालतंय, पण साध्या वाटेची जाड रेषा तुटक रेषेवर येऊन बसते आणि सगळं मुसळ केरात. टिपफाइलमध्ये (TYP, रेषा कशा दिसतील ते ठरवणारी फाइल) नेहमीचा टाइप पारदर्शक केला तर चांगल्या मळलेल्या वाटाही गायब होणार. अशा वाटांना वेगळा राउटेबल टाइप देऊन फक्त तोच पारदर्शक करायचा का? कुणी केलंय का असं, रूल टाका ना प्लीज.