पडवी भावोजींना, मग मुलाचं काय?

तुम्ही लिहिलंय: भावोजी मुंबईहून कायमचे आले, पडवी त्यांना दिली, ते दारू पिऊन तिथे आरडाओरडा करतात, आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो आणि आता त्याला माळ्यावर झोपवायचा विचार आहे. सहा महिन्यांहून जास्त कोरडा राहिलेला मुलगा परत ओलं करू लागला तर आधी लघवी तपासा: जंतुसंसर्ग आणि साखर, दोन्ही. बद्धकोष्ठही विचारा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. हे सगळं ठीक निघालं तरच ताण म्हणा. ओरडू नका, तो मुद्दाम करत नाही.

माळ्यावर झोपवायचा विचार सोडा. कौलांखाली उकडतं ते एक, पण रात्री शिडी उतरून अंधारात मागील दारी जायचं, तेही पडवीतल्या आरडाओरड्यातून? तो अंथरुणातच राहील. माजघरात तुमच्याजवळ झोपवा, वाटेत दिवा ठेवा.

घर सामायिक असेल तर भावोजींना 'निघा' म्हणणं सोपं नाही. त्यांची दारू मात्र घरच्या घरी एकदम तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याला दोनतीन दिवसांत झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मुलावर हात उचलला तर थांबू नका, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा.