येझदीचे दोन्ही सायलेन्सर घरीच बदलायचे आहेत, पण सिलिंडरवरचा नट हलत नाही

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९९१ सालची येझदी २५० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. डाव्या सायलेन्सरला मागच्या बाजूने, खालच्या अंगाला सुपारीएवढे भोक पडले असून बोट लावले तर भोवतीचा पत्रा पापडासारखा तुटतो. उजवा सायलेन्सर शाबूत आहे. त्याचा क्रोम मात्र ठिकठिकाणी उडाला आहे. बाजारातून नवी जोडी आणून ठेवली आहे आणि अंगणातल्या फरशीवर गाडी मधल्या स्टँडला लावून हे काम स्वतः करण्याचा विचार आहे.

अडचण अशी की, डाव्या बेंड पाइपला सिलिंडरशी जोडणारा कंगोऱ्यांचा गोल नट जागचा हलत नाही. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तो छन्नी-हातोड्याने ठोकून फिरवण्यात आला होता, त्यात त्याचे दोन कंगोरे तुटले. तेव्हापासून त्या नटाखालून काळे ऑइल पाझरून सिलिंडरच्या पट्ट्यांवर ओघळ येतात. उजवीकडे तसे काही नाही. हा नट कसा सोडवावा, दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात काय आणि नव्या सायलेन्सरमधील बॅफल (आवाज कमी करणारी आतली नळी) काढून टाकावे, असे एक मित्र सुचवतो ते कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (अजनी, निवृत्त फिटर)

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. केवळ सायलेन्सर बदलण्यासाठी सिलिंडरवरचा नट सोडण्याची गरज नसते. बेंड पाइप आणि सायलेन्सर यांचा सांधा वेगळा असतो. तेथील क्लँप सैल केला, मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट काढला आणि सायलेन्सर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवत मागे ओढला की तो निघून येतो. तुमची उजवी बाजू कोरडी असल्यामुळे तिकडच्या नटाला हातही लावू नका. तीस वर्षे बसलेला सांधा विनाकारण उघडला की तो पूर्वीसारखा बसेलच, याची खात्री देता येत नाही. डावीकडे मात्र गळती आहे, त्यामुळे तेथील गॅस्केटची रिंग, म्हणजे सांधा घट्ट बंद करणारी कडी, बदलावीच लागेल आणि त्यासाठी नट सोडावाच लागेल.

हा नट गंजापेक्षा काजळीने धरलेला असतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळते आणि अर्धवट जळालेले ऑइल आट्यांत शिरून डिंकासारखे घट्ट होते. म्हणून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आट्यांच्या फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारून मुरू द्या. तिसऱ्या दिवशी गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि नट हाताला सोसेल इतपत निवला, परंतु पुरता थंड झालेला नाही, अशा वेळी पाना लावा. त्या ऊबेत काजळी नरम असते. थंड इंजिनावर तासभर झटूनही न हललेला नट अशा वेळी पहिल्याच ओढीत सुटलेला मी अनेकदा पाहिला आहे.

पाना हुकाचाच हवा. हुक तुटलेल्या कंगोऱ्यांच्या समोरच्या बाजूला अडकवा, दांड्यावर हातभर लांबीचा पाइप चढवा आणि हिसका न देता, अंगाचा भार टाकून सलग ओढा. नटासमोर बसून पाहिले असता तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. तयार पाना मिळाला नाही, तर पुठ्ठ्यावर नटाचा ठसा घेऊन इतवारीतील लोहाओळीतून जाड पट्टी आणावी आणि एखाद्या लेथवाल्याकडून हुक कापून घ्यावा. हा खर्च छन्नीने सिलिंडरचे आटे जाण्याच्या मानाने काहीच नाही. नट बदलता येतो, परंतु बिडाच्या सिलिंडरवरचे आटे गेले की प्रकरण फार लांबते.

आता बसवणी. माझ्या मते या कामातील निम्म्या चुका घाईने बोल्ट आवळल्यामुळे होतात. आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांना ग्राफाइट ग्रीसचा पुसट हात द्या. नवी रिंग बसवून नट फक्त हाताने फिरवा. मग सायलेन्सर बेंड पाइपवर चढवून क्लँप ढिला ठेवा आणि मागचा बोल्ट नुसता अडकवा. सगळे लटकते असताना मागे उभे राहून दोन्ही सायलेन्सर एका उंचीवर आहेत का, पाय ठेवायला व किक मारायला अडथळा होतो का, हे पाहून घ्या. त्यानंतर आधी सिलिंडरचा नट, मग क्लँप आणि सर्वांत शेवटी मागचा बोल्ट आवळा. बाजारातल्या नव्या जोडीत ब्रॅकेटचे भोक अनेकदा दोन-चार मिलिमीटर सरकलेले असते. अशा वेळी बोल्टाने ओढून जुळवू नका. भोक कानशीने लांबट करा किंवा मध्ये वॉशर घाला. ओढून बसवलेला सायलेन्सर सतत ताणात राहतो आणि इंजिनाच्या थरथरीने एक तर ब्रॅकेट तडकते, नाही तर पुढचा नट पुन्हा ढिला होतो. तुमच्या नटाची जुनी गळती याच कारणाने सुरू झाली असण्याची बरीच शक्यता आहे.

उत्तर २ (त्रिमूर्तीनगर)

काकांनी बसवणीविषयी सांगितलेले पूर्णपणे पटते. फक्त उजवा सायलेन्सर शाबूत असताना तो बदलण्याची घाई का करावी, असा माझा प्रश्न आहे. जुन्या सायलेन्सरचा पत्रा जाड असतो. आजच्या बाजारू जोडीत तसा पत्रा क्वचितच मिळतो. आमच्याकडे, कळमेश्वरजवळच्या गावी, काजळीने भरलेला असा सायलेन्सर गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून रात्रभर ठेवत. सकाळी आतली सगळी काजळी राख होऊन झटकताच बाहेर पडत असे.

उत्तर ३ (सदर)

गोवऱ्यांचा उपाय काजळी नक्की काढतो, परंतु क्रोमही घालवतो. विस्तवात क्रोम आधी पिवळा, मग निळा-जांभळा पडतो आणि तो रंग नंतर सहजी जात नाही. ज्यांना सायलेन्सर काळा रंगवायचाच आहे, त्यांनी हा मार्ग खुशाल घ्यावा. अन्यथा मागच्या टोकाकडून बॅफल बाहेर ओढून फक्त तेवढेच विस्तवात किंवा ब्लोलॅम्पने तापवावे आणि नळकांड्याच्या आतून तारेचा ब्रश फिरवावा. काही जण कॉस्टिक सोड्याचे पाणी भरून ठेवतात. ते परिणामकारक असले तरी सोडा नेहमी थंड पाण्यात थोडा-थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे आणि चष्मा याशिवाय हे करू नये आणि ते पाणी ॲल्युमिनियमच्या कोणत्याही भागाला लागू देऊ नये, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो.

भोक नेहमी मागे आणि खालीच का पडते, याचेही कारण सांगतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. महालातून जवळच्याच सीताबर्डीपर्यंत जाऊन गाडी बंद केली, तर सायलेन्सरचे मागचे टोक पुरेसे तापतच नाही. वाफेचे तेथेच पाणी होऊन ते तळाशी साचते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून आपण कितीही पॉलिश केले तरी त्याचा उपयोग नसतो. आठवड्यातून एकदा गाडी वर्धा रोडने वीस-पंचवीस किलोमीटर पळवून आणली, तर नवी जोडी बरीच अधिक टिकेल.

बॅफल काढण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा आवाज कमी करण्यापुरता नसतो. धुराच्या मार्गातला तो अडसर सिलिंडरमधून निसटू पाहणाऱ्या पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणालाही थोपवतो. तो काढला की खालच्या गिअरमधील ओढ जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसण्यास तेवढे निमित्त पुरते.

उत्तर ४ (गोधनी)

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; त्याखेरीज परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. तुमची गाडी पंधरा वर्षांपलीकडची असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओपुढे उभी राहते, तेव्हाही मूळ बांधणीचा सायलेन्सर असणे सोयीचे पडते.

प्रश्नकर्ता (महाल), दहा दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. हुकाचा पाना तयार मिळाला नाही. लोहाओळीतून पट्टी आणून तो कापून घेतला. दोन दिवस स्प्रे मारला, तिसऱ्या दिवशी ‘शुक्रवारी तलाव’ नावाच्या तलावाला फेरी मारून आलो आणि पाऊण तासाने पाना लावला. नट करकर असा आवाज करून पाव फेरा फिरला, नंतर हाताने निघाला. आतली रिंग एका बाजूने जळून कागदासारखी झाली होती.

नव्या डाव्या सायलेन्सरच्या ब्रॅकेटचे भोक, काकांनी सांगितल्याप्रमाणे, खरोखरच तीन मिलिमीटर पुढे निघाले. कानशीने ते लांबट केले. उजवा जुनाच ठेवला असून त्याचे बॅफल साफ करून परत घातले. आता उजवीकडे उडालेला क्रोम आणि डावीकडे आरशासारखा नवा क्रोम, अशी गाडी दिसते; आईला ते अजिबात पसंत नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर नव्या सायलेन्सरवरून पाच मिनिटे धूर निघाला, तो आत-बाहेर लावलेल्या गंजरोधक तेलाचा होता, असे समजतो. नट पुन्हा केव्हा तपासावा?

उत्तर १ (अजनी, निवृत्त फिटर)

धूर त्या तेलाचाच, काळजी नको. पन्नास किलोमीटर झाले की इंजिन कोमट असताना एकदा नट पाहा. नवी रिंग दबून बसल्यामुळे तो थोडा तरी फिरेल. त्यानंतर मागचा बोल्ट आधी ढिला करून मगच नट आवळा आणि शेवटी तो बोल्ट पुन्हा आवळा. दोनशे किलोमीटरला एकदा असेच करा. उजवा नवा सायलेन्सर तेल चोळून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा.